पासष्टला शिट्टी

सोमवार, ५ फेब्रुवारी

मामा,

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबांचा कॉम्प्युटर बंद पडलाय. ते खोटं आहे. तो चालतो. दर रविवारी चालतो. तुम्ही त्याला नेटला जोडायचं म्हणालात आणि मी इतकी घाबरले की एका ओळीत त्याला मारून मोकळी झाले. चार दिवस ती ओळ डोक्यातून जाईना. चूक कळली की पुढच्या पत्राची पहिली ओळ तिची, हा नियम तुम्हीच घालून दिलात. दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही, तुम्ही टपालाने गणितं पाठवायचात, मी सोडवून परत पाठवायचे आणि तुमची लाल शाई यायची.

आता खरं कारण लिहिते. आमच्या सहा घरांच्या मागे ती उंच संरक्षक भिंत आहे, तिच्यावर वरचा रस्ता. माझ्या जन्माच्या वर्षी तिला उभी भेग पडली. बाबांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक पोलादी खिळा ठोकला आणि दर रविवारी दोन खिळ्यांमधलं अंतर मोजून या कॉम्प्युटरमध्ये टाकलं. ते गेल्यापासून दोन वर्षं मी टाकतेय. त्यांनी प्रोग्रॅममध्ये घालून ठेवलंय की अंतर पासष्ट मिलिमीटरला पोचलं की कॉम्प्युटर शिट्टी घालेल. पासष्टनंतर मागच्या खोल्यांत कुणी राहायचं नाही, असं ते म्हणायचे.

चौदा महिन्यांपूर्वी नगरपालिकेने भिंतीतल्या पाण्याच्या नळ्या मोकळ्या केल्या, भेगेत सिमेंट भरलं. त्याच आठवड्यात माप एकसष्टवरून बावन्नवर आलं. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पण काल ते सत्तावन्न होतं. मामा, बाबांच्या काळात वर्षाला दीड मिलिमीटर वाढायचं. हे चौदा महिन्यांत पाच आहे. आणि अकरा मार्चपासून वरच्या रस्त्यावरून जड ट्रक सोडणार आहेत.

मी साहेबांना भेटले. साहेब म्हणजे नगरपालिकेचे अभियंता. ते म्हणाले, "अहो ताई, एकसष्टला भिंत उभी होती ना? मग सत्तावन्नला कशी पडेल?" मी वेगाचं बोलले. ते म्हणाले, "सव्वीस वर्षांची सगळी मापं आणा, आमच्या कॉम्प्युटरवर उघडतील अशी. कॅसेट नका आणू, आमच्याकडे गाणी ऐकायची पद्धत नाही."

तेराशे बावन्न मापं आहेत. हाताने उतरवू का? छापखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते, माझ्या हातून किती होतात ते मला माहीत आहे.

तुमची भाची

—

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

प्रिय खोडरबर,

माझी दुरुस्ती: मी म्हणालो होतो की जोडणं सोपं आहे. सोपं नाही. त्या जातीचे कॉम्प्युटर तुझ्या बाबांनी घेतले तेव्हाच लोक टाकून देत होते. कीबोर्डच्या पोटात सगळा संसार, चित्राला घरचा टीव्ही, आठवणीला कॅसेट. त्याला नेट म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नाही. पण जोडता येतो. त्याच्या पाठीमागे एक फट आहे, तिच्यात तांब्याच्या उघड्या पट्ट्या दिसतील. त्या फटीत बसणारं छोटं सर्किट माझ्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधला एक दोस्त बनवतो. ते तुमच्या घरच्या वाय-फायशी बोलेल, वाय-फाय माझ्या कॉम्प्युटरशी. मी सगळं नीट फायलीत घालून साहेबाला पाठवतो. गाणी न वाजवता.

त्रास ऐक. सर्किट तिरकं बसलं आणि वीज चालू असली तर नको त्या पट्टीत वीज जाते आणि चिप जळते. ती चिप आता कुठे मिळत नाही. दुसरं, सव्वीस कॅसेटी एकेक करून चढवाव्या लागतील. फिती जुन्या झाल्यात, एखादी अडकेल, चुरगळेल. तिसरं, नेटला जोडलेल्या यंत्राला कुलूप लागतं आणि याला कडीसुद्धा नाही. त्यावर माझा उपाय: सर्किटातली ऐकायची तार कापून पाठवतो. ते फक्त बोलेल, ऐकणार नाही. अगदी मामासारखं.

(कान आता डावाही गेला. म्हणून फोन करू नकोस, मी "हो हो" म्हणतो आणि काय कबूल केलं ते मला नंतर कळतं.)

फायदा एकच आहे: ते आकडे तुझ्याशिवाय आणखी कुणीतरी पाहील.

तुझ्या आईला, आमच्या ताईला, नमस्कार सांग. नाही, ती माझ्यापेक्षा लहान आहे, आशीर्वाद सांग.

मामा

—

मंगळवार, १३ फेब्रुवारी

मामा,

दुरुस्ती: चौदा महिन्यांत पाच मिलिमीटर असं मी लिहिलं, पण पहिले दोन महिने माप हललंच नव्हतं. म्हणजे बारा महिन्यांत पाच. जास्त वाईट.

मी तीन दिवस वहीत दोन बाजू मांडत होते, जोडावं, न जोडावं. न जोडण्याची बाजू भराभर भरली. चिप जळेल. जळली तर कॅसेटी वाचायला दुसरं यंत्र नाही, म्हणजे सव्वीस वर्षं माझ्या एका हिसक्यात गेली. मग साहेब म्हणतील, कुठली मापं? जोडण्याच्या बाजूला मी तुमचं वाक्य लिहिलं, "आणखी कुणीतरी पाहील", आणि खरं सांगते, तेच मला सगळ्यात भीतीचं वाटलं. ते मी दोन्ही बाजूंना लिहिलं.

आईचं वेगळंच. तुम्हाला माहीत आहे ना, प्रोग्रॅमच्या कॅसेटच्या सुरुवातीला बाबा बोलतात? वर्ष सांगतात, खोकतात, मग कर्कश्श आवाज सुरू होतो. आई कामात आहे असं दाखवत दर रविवारी दारात उभी असते, तेवढा खोकला ऐकायला. ती म्हणाली, "त्यांचा आवाज असा तारेतून कुठे कुठे जायला नको. कोण ऐकेल, कोण नाही." मी सांगितलं की आवाज जात नाही, नुसते आकडे जातात. "नुसते आकडे? मग ने की बाई. आकड्यांनी मला आयुष्यभर काय दिलंय!"

शेजारचे घड्याळवाले काका कुंपणावरून विचारत होते, "काय गं, भिंत पुढे येतेय की तू मागे सरकतेस?" त्यांच्या मागच्या खोलीत ते दुकानाची घड्याळं दुरुस्त करतात. दिवसभर पाठ भिंतीकडे. मी हसले. घरात येऊन हात धुतले, का ते माहीत नाही.

पाठवा सर्किट. ऐकायची तार नक्की कापा.

भाची

ता.क. मागच्या खोलीचं दार कालपासून खाली घासतंय. आई म्हणते लाकूड फुगलं. हवा कोरडी आहे.

—

शनिवार, १७ फेब्रुवारी

प्रिय खोडरबर,

दुरुस्ती नाही. या वेळी मी बरोबर होतो, तारीख लिहून ठेव.

पार्सलात सर्किट आहे. आधी वीज बंद. टीव्हीचीही. फटीत सर्किट सरळ, दोन्ही अंगठ्यांनी, दप्तराचं कुलूप लावायचीस तसं. मग वीज. टीव्हीवर ठिपका लुकलुकला की कॅसेट चढव, मी दिलेली चार अक्षरं टाईप कर आणि हात मागे घे. वीस मिनिटांनी यंत्र तापेल, चित्र हलेल, तेव्हा बंद करून थंड होऊ दे. घाई नको.

आणि एक. मापांबरोबर प्रोग्रॅमही पाठव, बाबांनी लिहिलेला, ओळ न् ओळ. आकडे कसे साठवलेत हे कळल्याशिवाय मला ते उलगडायचे नाहीत.

तू फार घाबरतेस असं तुझी आई कळवते. घाबर. पण दार घासतंय हे ता.क.मध्ये लिहायची गोष्ट नाही. पुढच्या वेळी पहिल्या ओळीत लिही.

मामा

—

रविवार, २५ फेब्रुवारी

मामा,

दार आता लागतच नाही. (पहिली ओळ.)

दुरुस्ती: पूर्वी एकदा मी म्हटलं होतं बाबांचा प्रोग्रॅम मी कधी उघडून पाहिला नाही. एकदा पाहिला होता, तेरा वर्षांची असताना, आणि काही कळलं नाही म्हणून लाजेने कुणाला सांगितलं नाही. आताही मी तो न वाचताच पाठवलाय. त्यांची डायरी वाचल्यासारखं वाटत होतं.

जोडलं. घडलं तसं लिहिते: सोमवारी संध्याकाळी वीज बंद केली, पाठीमागची फट कापसाने पुसली. पट्ट्यांवर हिरवा गंज होता. सर्किट अर्धं गेलं आणि अडलं. दाबू की नको? दाबलं. खट् झालं. बटण लावलं आणि टीव्ही काळा. ठिपका नाही, काही नाही. जाळलं, एवढा एकच शब्द डोक्यात होता. बाबांची सव्वीस वर्षं जाळली, सहा घरांची मापं जाळली. मग मागून आई म्हणाली, "भिंतीवरचं बटण मी बंद केलंय. तू श्वास घ्यायची थांबली होतीस." तिने बटण लावलं. ठिपका आला. मामा, मी रडले, आणि आई म्हणाली, "आता पाणी उडवू नकोस त्याच्यावर, नाहीतर खरंच जळेल."

सहा दिवस लागले. अकराव्या वर्षाची फीत अडकली होती, ती पेन्सिलीने सोडवली. चार आठवड्यांची मापं गेली, ती कोणती ते वेगळ्या कागदावर लिहिलंय. बाकी सगळी तुमच्याकडे पोचली असतील. तार कापलेली असल्यामुळे "पोचली" असं हे यंत्र मला सांगू शकत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. वाईट उपमा आहे, पण खोडत नाही.

आज सकाळचं माप अठ्ठावन्न. भेगेतल्या नव्या सिमेंटचा एक तुकडा खाली पडला होता. नळ्यांतून येणारं पाणी आतापर्यंत स्वच्छ असायचं, आज गढूळ होतं. भरून घेतलंय बाटलीत. बाटली माझ्या टेबलावर आहे आणि मी तिच्याकडे पाठ करून हे लिहितेय.

पासष्टला अजून सात बाकी आहेत, असं मी स्वतःला सांगते.

भाची

—

शुक्रवार, १ मार्च

प्रिय खोडरबर,

सगळं पोचलं. तेराशे अठ्ठेचाळीस मापं, एकही अक्षर सांडलं नाही. तुझ्या अंगठ्यांना शाबासकी.

आता हे बसून वाच. प्रोग्रॅममधली चौदावी ओळ सांगते की टाईप केलेल्या प्रत्येक आकड्यातून दहा वजा करायचे आणि मग साठवायचं. का, ते कुठे लिहिलेलं नाही. पहिल्या दिवसापासून हीच ओळ आहे. म्हणजे सव्वीस वर्षं खरं माप दहाने मोठं होतं आणि ते दहा कुणाला दिसले नाहीत.

मी दोन दिवस हे कसं लिहावं याचा विचार केला. तुझे बाबा त्याच नगरपालिकेत नकाशे काढायचे. ही भिंत त्यांनीच कागदावर काढली होती, हे तुला माहीत आहे. स्वतः काढलेली भिंत पुढे येतेय हे माणसाला बघवत नाही, मग तो दहा कमी करतो, आधी घरच्यांसाठी, मग स्वतःसाठी. मी त्यांना दोष देत नाही. मीही केलं असतं. पण आकडा आकडा असतो, आणि तुझे अठ्ठावन्न म्हणजे अडुसष्ट आहेत.

आणखी एक. एकसष्टवरून बावन्न. पोरी, माती मागून ढकलत असताना भिंत मागे जात नाही. कधीच जात नाही. तिथे काय झालं ते मला उमजत नाही. तुला उमजेल.

हे तातडीच्या टपालाने पाठवतोय. तोवर वाट बघवत नाही म्हणून ताईच्या मोबाईलवर एक ओळ पाठवली आहे: मागच्या खोलीत झोपू नका. ती तुला सांगेल.

मामा

—

मंगळवार, ५ मार्च

मामा,

दुरुस्ती. आयुष्यातली सगळ्यात मोठी, म्हणून नीट लिहिते.

बाबांनी काही लपवलं नाही. आमच्या घरात एकच पट्टी होती, लाकडी, ऑफिसातून टाकून दिलेली, आणि तिचा पहिला सेंटिमीटर तुटलेला होता. ती एकपासून सुरू व्हायची. मी मोजायला तिच्यावरच शिकले. पट्टीवर शून्य असतं हे मला दहाव्या वर्षी शाळेत कळलं, आणि सगळा वर्ग हसला होता. त्या पट्टीने मोजलं की दहा मिलिमीटर जास्त दिसतात. बाबा दिसेल तो आकडा टाईप करायचे आणि वजाबाकी प्रोग्रॅमवर सोपवायचे, म्हणजे थंडीत, घाईत, तापात चूक व्हायला नको. त्यांची सगळी मापं खरी आहेत.

खोटी आहेत ती माझी. दुरुस्तीच्या आठवड्यात साहेब आले होते. माझ्या हातातली पट्टी बघून ते म्हणाले, "हे काय हत्यार आहे? ही घ्या, सरकारी आहे," आणि नवीकोरी पोलादी पट्टी दिली. तिला शून्य आहे. मी तिने मोजलं, दिसलं ते टाईप केलं आणि यंत्राने मुकाट्याने दहा वजा केले. भिंत बासष्टवर होती, मला बावन्न दिसले. भिंत मागे आली नव्हती, मामा. पट्टी बदलली होती.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. मी दोन्ही पट्ट्या घेऊन मागे गेले. लाकडी: एकोणऐंशी. पोलादी: एकोणसत्तर. परवा रविवारी यंत्रात साठवलं गेलं ते एकोणसाठ. एकाच भेगेची तीन मापं, आणि मी त्यातलं चुकीचं चौदा महिने वहीत सुंदर अक्षरात लिहीत होते. पासष्ट केव्हाच मागे पडलं. शिट्टी वाजली नाही, कारण मीच तिला वाजू दिलं नाही.

अजून एक आहे, तेही लिहायलाच हवं. साहेबांच्या फायलीत एक कागद आहे: "दुरुस्तीनंतर भिंत नऊ मिलिमीटर मागे आली." खाली माझी सही. त्या कागदावर फाईल बंद झाली आणि त्याच कागदावर ट्रकांना परवानगी मिळाली. छापखान्यात मी दुसऱ्याच्या पुस्तकात मात्रा राहिली तर झोपत नाही.

आईला तुमची ओळ शुक्रवारीच मिळाली होती. मला बोलली नाही. गुपचूप दोन्ही गाद्या पुढच्या खोलीत आणल्या आणि म्हणाली, "मागे ढेकूण झालेत." मी दोन दिवस ढेकूण शोधत होते. काल तिला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तू आधीच अर्धी झालीयस. उरलेली मला लागते."

काल संध्याकाळी आम्ही पाचही शेजाऱ्यांकडे गेलो. आई पुढे, मी मागे. मी प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणाले: माझं माप दहाने चुकलं, मागच्या खोल्या रिकाम्या करा. कुणी चिडलं, कुणी आत जाऊन गाद्या उचलायला लागलं. घड्याळवाले काका म्हणाले, "म्हणजे चौदा महिने तुझं घड्याळ मागे होतं म्हण की." मग चष्मा काढून पुसत राहिले. आज सकाळी त्यांनी सगळी घड्याळं पुढच्या ओट्यावर मांडली आहेत. टिकटिक गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येते.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, एकदा सांगता मागे आली, एकदा सांगता पुढे गेली. उद्या काय सांगाल, उडून गेली? सोमवारी ट्रक सुटणार आहेत." खरं आहे त्यांचं. जिचा एक आकडा चुकला तिचे बाकीचे का मानायचे? मला वाटत होतं की आपलं यंत्र बाहेरच्या कुणाला दाखवलं की आपण उघडे पडू. पडलेच. पण तुम्ही ती ओळ पाहिली नसती तर मी पुढच्या रविवारी साठ लिहिले असते, आणि स्वतःला सांगितलं असतं, अजून पाच बाकी.

आज छापखान्यातून सुट्टी घेतली. सर्किट काढलं, दोन्ही अंगठ्यांनी, सरळ. माझ्या चौदा महिन्यांच्या प्रत्येक मापात दहा मिळवले, एकेक करून, मोठ्याने वाचत. आई तपासत होती. मग चौदावी ओळ खोडली आणि एकोणसत्तर टाईप केलं.

शिट्टी वाजली. मला वाटलं होतं बारीक असेल. घरभर गेली. बाबांनी ती थांबायची सोय ठेवलेलीच नाही, बटण बंद करेपर्यंत वाजते. आई उठली नाही. "वाजू दे," म्हणाली, "फार दिवस थांबलेत ते."

आता काय करायचं ते मला कळलंय. साहेबांना लोक भेटायचा वार गुरुवार. कॉम्प्युटर, टीव्ही, प्रोग्रॅमची आणि या वर्षाची कॅसेट, दोन्ही पट्ट्या आणि गढूळ पाण्याची बाटली, सगळं काकांच्या हातगाडीवर जाईल. आधी मी माझ्या सहीचा कागद मागेन आणि सगळ्यांसमोर त्यावर चूक लिहीन, लाल शाईने. मग त्यांच्या टेबलावर यंत्र लावीन, त्यांच्याच पट्टीचं माप टाईप करीन आणि हात मागे घेईन. ट्रक थांबतील असा कागद हातात पडेपर्यंत बटणाला हात लावणार नाही, कुणाला लावू देणार नाही.

तुम्ही पाठवलेली तेराशे अठ्ठेचाळीस मापं त्यांच्याकडे पोचली आहेत. शेवटच्या चौदा महिन्यांत दहा मिळवून नवी फाईल पाठवा, तेवढी लगेच.

हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा ते होऊन गेलेलं असेल. दिवस लिहून ठेवा, म्हणजे मला माघार घेता येणार नाही: गुरुवार, ७ मार्च, सकाळी साडेदहा.

तुमची खोडरबर